बिनदाराचा डाव

नेवाशाच्या स्टँडसमोरचे टेलर, मूळ शनिशिंगणापूरचे, आम्हाला चिंचोक्यांवर पोकर शिकवतात. दोन पानं हातात झाकलेली, पाच मधे उघडी.

"तीन पत्ती म्हंजी नशीब, ह्यो अभ्यास हाय. चेहरा दगडावानी पायजे," असं मोबाईलवरून मिळवलेलं ज्ञान ते देतात. स्वतःला चांगली पानं आली, की मात्र गळ्यातली टेप चाचपतात. आम्ही लगेच पानं टाकतो.

एक तरी डाव थापेवर जिंकायचाच, हा त्यांचा ध्यास. काल त्यांनी टेप चाचपत सगळे चिंचोके पुढे लोटले. आम्ही सगळे पॅक. टेलर जिंकले, आणि लगेच पानं उघडून म्हणाले, "कायबी नव्हतं! घ्या आपापले चिंचोके."

"अहो टेलर, जिंकलात की!"

"व्हय, पन आमच्या गावात घराला दार नस्तंय. पानं झाकून झोप न्हाई यायची."