डावखुऱ्या हाताची कुऱ्हाड

भवानी पेठेत तांब्याची भांडी घडवणारा आमच्या गल्लीत आता मी एकटाच उरलोय. थोरला भाऊ आणि मी चाळीस वर्षं समोरासमोर बसून ठोकत आलो. ठोकून ठोकून त्याचे कान गेले आणि तो लातूरला लेकीकडे राहायला गेला. माझी बायको त्याआधीच वारली होती.

गेल्या उन्हाळ्यात होटगीकडचा एक शेतकरी हिरवट पडलेला तांब्याचा जाड तुकडा घेऊन आला.

"हिर खोदताना घावला. ह्याचा देवापुढं ठेवायला तांब्या करून द्या की."

मी चिंचेनं एक कड घासली. तो तुकडा नव्हता, चपटी कुऱ्हाड होती. ओतून केलेली, मग ठोकून धार काढलेली. पात्यावर तीन उभ्या रेघा आणि शेजारी माशासारखी एक खूण कोरलेली होती. मी पुढं घासलं नाही.

"हे वितळवायचं नाही. लई जुनं आहे. सरकारात दाखवू."

त्यानं जरा विचार केला. "तुमी येत असला तर जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुरातत्त्वाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"कुऱ्हाड हजारो वर्षांपूर्वीची आहे. ही अक्षरं आहेत की कारागिराची खूण, सांगता येत नाही. अक्षरं असली तरी त्या काळची लिपी अजून कुणालाच वाचता आलेली नाही," त्या म्हणाल्या.

"तांबं कुठलं असेल?" मी विचारलं.

"आपल्याकडे तर खाण नाही. कदाचित राजस्थानातून आलं असेल. हातोहात, बैलांवरून."

मग मी भिंग मागून घेतलं. धारेजवळ हातोड्याचे ठसे शिल्लक होते. उजव्या हातानं ठोकलं की ठशांची ओळ एका बाजूला कलते. ही उलटी कलत होती. मी डावखुरा, माझीही अशीच कलते.

"हा माणूस डावखुरा होता," मी म्हणालो.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. कुऱ्हाड ठेवून घेतल्याची शेतकऱ्याला पावती मिळाली, तो त्याच्या एसटीनं गेला. मी घरी आलो, कुलूप उघडलं आणि तसाच उभा राहिलो. हे सांगायचं कुणाला? ठशांची ओळ कशी कलते हे कळणारा माणूस एकच होता. त्याला फोन लावला.

"दादा, हजारो वर्षांमागचा तांबट. डावखुरा. माझ्यासारखा."

"व्हय, जेवलो," तो म्हणाला. "तू जेवलास का?"

मी दोनदा ओरडून सांगितलं. शेवटी "जेवलो" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग पत्र लिहिलं. त्यात कुऱ्हाडीचं चित्र काढलं, ठसे काढले, माशाची खूण काढली. पंधरा दिवसांनी पुतणीच्या अक्षरात उत्तर आलं. दादानं पत्र तीनदा वाचलं होतं आणि एवढंच विचारलं होतं: त्याचा हातोडा केवढा असंल? ठशाची रुंदी बघून कळव.

रुंदी मी मोजली नव्हती. दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेलो. कुऱ्हाड तपासणीसाठी पार पुण्याला पाठवली होती. कधी येईल ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. अजून आलेली नाही. महिन्यातून एकदा मी जाऊन विचारून येतो, आणि आली नाही एवढं दादाला कळवतो.