वणीचा एस. बी. गांगुर्डे

एखाद्या वस्तूकडे बघून तिच्या मालकाविषयी इतकं ठाम आणि इतकं चुकीचं बोलणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा सापडणार नाही. आमच्या कॉलनीतले हे काका जन्मभर जमिनींची मोजणी करून निवृत्त झाले आणि द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडून व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी आणायला लागले. पिवळ्या, काळ्या, लेबलं निघालेल्या. खेळायला नव्हे; खेळता त्यांना येतच नाही, पहिल्याच खड्ड्यात पडून मरतात. त्यांना हवा असतो कॅसेटचा पूर्वजन्म. भिंगातून ओरखडे बघून ते निकाल देतात, "लेबल डावीकडून सोललंय. पोरगा डावखुरा. सहामाहीत नापास झाला, त्या रागात सोललंय." तेलाचा डाग दिसला की घरात लोणच्याचा धंदा, प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं की बापानं चुलीत टाकली आणि आईनं काढली. काकू म्हणतात, "परक्यांच्या पोरांची कुंडली पाठ. स्वतःची लेक शाळेत असताना कितवीत आहे ते मला विचारायचे." एकदा गंमत म्हणून मी माझीच जुनी कॅसेट त्यांच्या ढिगात सरकवली. काका तिला बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "हिचा मालक फार अभ्यासू. खेळायला फुरसतच नव्हती त्याला." दहावीला मी गणितात गचकलो होतो. पण माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं, म्हणून गप्प राहिलो.

गेल्या हिवाळ्यात एका कॅसेटच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं नाव निघालं, 'एस. बी. गांगुर्डे, वणी'. आठवडाभरात काकांनी त्याचं चरित्र पूर्ण केलं. लहानपणी उनाड, बापाचा मार खाल्लेला, आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. मग ते पडताळून बघायची हुक्की आली आणि एका रविवारी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली.

वणीत दोन ठिकाणी विचारल्यावर गांगुर्ड्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान सापडलं. चाळिशीचा माणूस पंक्चर काढत होता. काकांनी नमस्कारही न करता त्याला सगळं चरित्र ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि कॅसेट हातात घेतली.

"ही सुनीताची हाय. माझी मोठी बहीण. आमच्या घरात खेळायची ती एकटीच."

"कुठे असतात त्या आता?" मी विचारलं.

"कॉलेजात असतानाच गेली. कावीळ झाली व्हती."

तो माणूस कॅसेट उलटसुलट करत होता. "तुम्हाला हिच्यावरून समजतं म्हणता ना? मंग सांगा ना, अजून काय काय करायची ती? मी लय लहान व्हतो. थोडंच आठवतं."

मला धास्तीच वाटली. काका अर्धा तास रचून बोलले असते आणि त्यानं शब्द न् शब्द खरा मानला असता. पण काकांनी मान हलवली.

"मला काही कळत नाही हो. अंदाजानं बोलतो मी. तुम्हाला थोडंच आठवतं ना, तेवढं सांगा."

त्यानं आम्हाला बाकड्यावर बसवलं. सुनीता शेजाऱ्यांच्या टीव्हीवर खेळायची. हरली की शेजारणीची भांडी घासून द्यायची आणि पुन्हा डाव मागायची. जिंकली की कुणाला सांगायची नाही, नुसती पायरीवर जाऊन बसायची. सांगता सांगता बरंच निघालं. एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारे काका एकदाही मधे बोलले नाहीत. कॅसेट तिथेच ठेवून आम्ही निघालो.

दिंडोरी मागे पडली. मग मागून काकांचा आवाज आला, "तेव्हा कितवीत असेल रे सुनीता?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"विचारायचं राहिलंच," काका म्हणाले.