वकील कुणाचा

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीत चार भाडेकरूंसकट एक बैठी चाळ विकत घेतली. हौस म्हणून नव्हे. मी खासगी शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि आमच्या शाळेत निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळाखेरीज हातात काही पडत नसे. म्हातारपणी कुणाच्या दारात बसायचं नसेल तर घरबसल्या भाडं आलं पाहिजे, एवढाच माझा विचार. निम्मी रक्कम साठवलेली होती, उरलेली एका बँकेनं चाळ गहाण घेऊन द्यायचं कबूल केलं होतं.

बँकेचा वकील वेगळा आणि माझा वेगळा, ही मला उधळपट्टीच वाटली. एकच कागद दोघांनी वाचायचा आणि दोघांची फी मी भरायची! माझे वकील मूळचे साताऱ्याचे, तोलून मापून बोलणारे. ते म्हणाले, "बाई, बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बँकेचा वकील बघतो. तुम्ही बुडत नाही ना, हे बघायला मी." मग त्यांनी चारही भाडेकरूंना बोलावलं आणि भाडं किती, अनामत किती, कुणी पोटभाडेकरू ठेवलाय का, हे सगळं सह्यांनिशी लिहून घेतलं. मला त्या घोळाचा कंटाळा आला होता.

चाळ विकणारे दोघे भाऊ आष्ट्याचे. चाळ वडिलांच्या स्वतःच्या कमाईतली. आई आधीच गेली होती, आणि नुकतेच वारलेले वडील मृत्युपत्र न करताच गेले होते. भावांना एक थोरली बहीण होती, पाटणला दिलेली, आता विधवा. नव्या कायद्यानं तिचाही भावांइतकाच हिस्सा होता, म्हणून दोन्ही वकिलांनी तिचं हक्कसोडपत्र मागितलं. भाऊ हसले. "आक्का काय, अंगठा देतीया की!" रीतच होती ती. बहिणीला लुगडं-चोळी करायची, जेवू घालायचं आणि तिनं कागदावर अंगठा उठवायचा. कागदात काय आहे हे विचारणं म्हणजे माहेरावर संशय घेणं. भाऊ बहिणीला घेऊन, लुगडं काखेत मारूनच माझ्या वकिलांच्या ऑफिसात आले.

बहीण पन्नाशीची, ठणठणीत. तिनं अंगठा शाईला लावला आणि कागदावर टेकवायच्या आधी सहज विचारलं, "आवं वकीलसाहेब, ह्यात लिवलंय तरी काय?"

"चाळीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावांना सोडून देताय, असं लिहिलंय."

"माजा हिस्सा हाय व्हय?"

"तिसरा हिस्सा आहे."

ती थांबली. "मग देऊ का अंगठा? तुमीच सांगा."

वकील नुसते 'द्या' म्हणाले असते तर काम तिथंच उरकत होतं. ते म्हणाले, "मी तुमचा वकील नाही, ह्या बाईंचा आहे. तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारून या. मग काय ते ठरवा."

भावांनी लुगडं उचललं आणि ते तडक निघून गेले. बहीणही अंगठा पुसत गेली. मी भडकले. चाळीवर एका अडत्याचा डोळा होता, आणि माझाच वकील माझा सौदा मोडायला बसला होता. "तुम्ही माझे वकील की तिचे?" मी विचारलं.

"तुमचाच. न कळता दिलेला अंगठा उद्या कोर्टात तुम्हालाच अडचणीत आणेल. तिची मुलं तुमच्या दारात उभी राहतील."

मला ते पटलं, पण राग गेला नाही. काही दिवसांनी ती परत आली, दुसऱ्या वकिलाला विचारून. म्हणाली, "अंगठा देते, पण हिस्सा सोडायला न्हाई. इकायला." भाऊ चडफडले. पण तिच्याशिवाय अडत्याही चाळ घेणार नव्हता, हे त्यांना कळून चुकलं होतं. खरेदीखतात लिहून देणारे दोनाचे तीन झाले.

रजिस्ट्रार कचेरीत खरेदीखत झालं, पाठोपाठ माझं गहाणखत झालं. चाळ माझी झाली आणि तिचे कागद लगेच बँकेच्या वकिलाच्या पिशवीत गेले. मला हायसं वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर धाकटा भाऊ बहिणीला म्हणाला, "आक्का, तुजा वाटा तुला पोचला. आता दिवाळीला आष्ट्याला यायचं काम न्हाई. आमी काय बोलवनार न्हाई."

तिचा चेहरा उतरला. माहेर तुटल्याचं तिला चारचौघांदेखत ऐकावं लागलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि भावांची चीडही आली.  मग ती माझ्या वकिलांकडे वळली.

"आवं साहेब, आष्ट्याच्या राहत्या घरात बी माजा हिस्सा हाय का?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम संपलेलं होतं. "सांगा की," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. "भाऊ आपसात वाटणी करत नाहीत तोवर तुम्हाला ती मागता येणार नाही. पण विधवा मुलीला बापाच्या घरात राहायचा हक्क आहे. तिला कुणी अडवू शकत नाही."

तिनं भावाकडे पाहिलं. "मग आवतान कशाला लागतंय रं? माज्याच घरी येते की!"

भाऊ एस.टी. स्टँडकडे चालू लागले, आणि पाटणची गाडी सोडून ती त्यांच्या मागोमाग आष्ट्याच्या गाडीत जाऊन बसली.