जेवायचा नेम

माझी मुलगी तापात गेली आणि मला जगणं नको झालं. नवरा आधीच गेलेला. मी निपाणीला माहेरी राहत होते. जीव देणं पाप, शिवाय माहेरच्या नावाला बट्टा. म्हणून मी आडवाट शोधली. आम्हा जैनांत आयुष्य संपत आलेला माणूस गुरूंच्या आज्ञेनं अन्न सोडतो. त्याला सल्लेखना म्हणतात आणि लोक त्याला हात जोडतात. त्या वर्षी चातुर्मासाला एक वृद्ध साध्वी, आर्यिका, आमच्या बस्तीत, म्हणजे मंदिरात, उतरल्या होत्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्यांच्यापुढे बसून मी वैराग्याच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या आणि ते व्रत मागितलं.

"ह्ये वैराग्य न्हाय गं बाळ, दुःख हाय," अम्मा म्हणाल्या. "दुःखानं मरनाऱ्याला ह्ये व्रत न्हाय." वर नेम दिला तो उलटाच: उद्याच्या दर्शनापर्यंत जगायचं, जेवायचं आणि येऊन सांगायचं.

राग आला, पण नेम मोडायची छाती नव्हती. रोज जायचे, रोज नवा नेम घ्यायचे. अम्मा माझ्या लेकीविषयी विचारायच्या. तिला काय आवडायचं, ती कशाला हसायची. परक्याची एवढी चौकशी कोण फुकट करतं? माझ्या मनात पाल चुकचुकायची. एकदा माझा थोरला भाऊ त्यांच्याशी हळू आवाजात बोलताना दिसला आणि माझी खात्रीच पटली.

मी तडक विचारलं, "मला राखायला अण्णानं सांगितलंय व्हय तुमाला?"

"मीच बोलावलं त्याला. तुला एकटी सोडू नको म्हटलं. तुलाबी सांगनार हुते."

"पन माझं काय पडलंय तुमाला? तुमी तर सगळं सोडलेल्या!"

अम्मा खाली बघत म्हणाल्या, "तुला यायला उशीर झाला की माझं ध्यान लागत न्हाय. मोह हाय ह्यो. दोष लागलाय मला, म्हून आज माझा उपास. तू मातुर जेव."

घरी वहिनीनं भाकरी वाढली. पहिल्याच घासाला मला हुंदका फुटला. सगळं सोडलेल्या बाईला माझ्यापायी दोष लागला होता. आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच मला खरी भूक लागली होती.

तो उपास म्हणजे मला जेवू घालायची युक्तीही असेल. स्वभावच संशयी, खोटं कशाला सांगू? पण प्रत्येक माया पारखून घ्यायचा हट्ट मी तेव्हा सोडला. त्या नेमक्या त्याच वर्षी आमच्या गावी का थांबल्या, हेही मी विचारत नाही. चातुर्मास संपला आणि अम्मा पायीच पुढच्या गावाला निघाल्या. वेशीपाशी मी खूप रडले, त्यांच्या पाठीला हात जोडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. मला मात्र, आता नेम द्यायला कुणी नसतानाही, घरी परतून जेवावंसं वाटत होतं.