ताडपत्रीखालची होडी

आमच्या ह्यांची शिडाची होडी म्हणजे माझी सवतच. जुनी, प्लायवूडची, दोघांपुरती. हिवाळाभर गंगापूर धरणावर आणि पावसाळ्यात इंदिरानगरला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. तिथे हे तिला विटांवर पालथी घालायचे, बुचं काढायचे, झाकणं उघडी ठेवायचे आणि रोज फडक्यानं आतून पुसायचे. मी म्हणायची, "माझे पाय चेपलेत का कधी एवढ्या प्रेमानं?"

यंदा मे महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवाळीनंतर होडी पाण्यात घालायची, एवढ्याच आशेवर माणूस खिडकीशी बसून हातात चेंडू दाबत राहायचा. ती टिकवायचं काम माझ्याकडे आलं.

माझा भाऊ सटाण्याहून कांद्यावर टाकायची ताडपत्री घेऊन आला. होडी आदल्या दिवशीच्या पावसानं आतून ओली होती. तशीच आम्ही ती गुंडाळली आणि मुंगी शिरणार नाही अशी आवळली. आम्ही कांदेवाल्यांची पोरं! कांदा पावसापेक्षा कोंडल्यानं जास्त सडतो, म्हणून कांदाचाळीला खालून वारा ठेवतात, हे लहानपणापासून ठाऊक. त्या दिवशी दोघांची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दसऱ्याला दोऱ्या सोडल्या. भपकन कुबट वास आला. तळाला बोट लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं.

"सडी गई वं आक्का," भाऊ म्हणाला.

मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही. वर जाऊन भाकरी थापल्या. मेपासून माझं हे असंच चाललंय.

ह्यांना एव्हाना तुटक शब्द येऊ लागले होते. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "अहो, होडी गेली. मीच घट्ट बांधली, म्हणून कुजली."

त्यांनी हातातला चेंडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ओर...डलो."

"कधी?"

त्यांनी डावा हात खिडकीकडे केला.

तेव्हा मला आठवलं. खाली आम्ही दोऱ्या आवळत होतो आणि वरून ह्यांचा नुसता आ, आ असा आवाज येत होता. मी खालूनच म्हटलं होतं, "थांबा हो जरा, तुमचंच काम चाललंय!" आवाज थांबेना, म्हणून वर गेले, खिडकी लावून घेतली आणि खाली येऊन शेवटची गाठ मारली.