आंधळ्या मावळ्यांची फौज

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना त्या तेलरंगाचा वास नाकात शिरला, की मला थोरल्या बहिणीची एक भाऊबीज आठवते. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आम्ही दोघांनी काळ्या मातीचे मावळे केले होते. इतके, की डोळे असते तर त्यांनी वसमतचा मोंढा, अख्खा धान्यबाजार, दुपारच्या आत जिंकला असता. पण निंबाच्या काडीनं डोळे काढायचं काम ताईचं, आणि ते व्हायच्या आतच तिचं लग्न झालं. मग दर भाऊबीजेला ती ओवाळायची न् लगेच एसटी गाठायची. फौज माळ्यावर आंधळीच. एका साली तिनंच ती खाली काढली. "काहून रे, तुझे हात मोडले व्हते का?" "तुझ्याबिगर त्यांना दिसत न्हाई," मी म्हणालो. हसतच ती पोळ्याचा उरलेला रंग घेऊन अंगणात बसली. "अगं, गाडी जाऊन राहिली!" दाजी ओरडले. ती राहावी म्हणून मी काड्या मोडल्या, रंग सांडला, पण ती थांबेना. शेवटच्या मावळ्याला डोळे आले, तशी पदर झटकून उठली न् गेली. आता सगळी फौज माझ्या कपाटातून टकामका बघते, अन् 'काम राहिलंय, ये' असा ताईला निरोप धाडायला एकही आंधळा मावळा उरला नाही.