पंखा मागे असलेलं विमान

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहाचा ठसका लागेल. माझ्या हुशारीपायी माझं लग्न कसं मोडता मोडता राहिलं, ते सांगतोय!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथला कंपनीत मेंटेनन्सला, राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. मुलगी बघायला गेलो, तेव्हा सुनीता मला बघताक्षणी आवडली होती. आता तिचे वडील आमचं घर बघायला येणार होते. हवाई दलातून रिटायर झालेले! म्हटलं, आपल्या टीव्हीवर एक लढाऊ विमान ठेवलेलं दिसलंच पाहिजे.

उल्हासनगरहून मॉडेलचा डबा आणला. पहिल्या महायुद्धातलं विमान, एकावर एक दोन पंखांचं. जोडायला बसलो तर काय? इंजिन आणि पंखा पायलटच्या पाठीमागे! असं कुठे असतं का हो? तडक दुकान गाठलं.

"शेठ, ये माल गलत है."

"साईं, डिब्बे पे फोटो देखो ना. पंखा पीछे ही है."

"फोटो भी गलत छापा है!"

त्याने दुसरा डबा फोडला. तेच! तिसऱ्यातही तेच!

"मतलब पूरा लॉट गंडेला है!"

दुकानदाराने हात जोडले. "आप कंपनीवाले लोग हो. खुद ठीक कर लो."

केलं! ब्लेडने कापून इंजिन नाकावर आणलं. पण नाकावर होती बंदूक. ती शेपटीकडे लावली. मग ती चालवणार कोण? पायलटला उलटा बसवला.

आई म्हणाली, "अरे, ह्याला पुढचं दिसणार कसं?"

"आई, तुला टेक्निकल नाही कळायचं."

रविवारी पाहुणे आले. सुनीताच्या वडिलांनी विमान उचलून चहूबाजूंनी निरखलं. माझी छाती फुगली.

"हा पाठमोरा का बसलाय?"

"शत्रू मागून येतो ना! कंपनीची चूक होती, मी दुरुस्त केली."

त्यांनी विमान हळूच खाली ठेवलं. "अहो, तेव्हा समोर गोळी झाडली की आपल्याच पंख्याला लागायची. म्हणून तर पंखा मागे ठेवायचे."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी पोह्यांत तोंड खुपसलं.

निघताना ते एवढंच म्हणाले, "कळवतो." पुढचा आठवडा मी रोज पोस्टमनची वाट बघत काढला. शेवटी होकार आला. सुनीताच तिच्या घरी म्हणाली होती, "निदान घरात काही बिघडलं तर हात तरी लावेल."

लग्नात सासऱ्यांनी टेबल फॅन दिला. मागे मोटरवर चिठ्ठी चिकटवलेली: 'जावईबापू, याचा पंखा पुढेच आहे. दुरुस्ती करू नये.'